गच्चीवरचा शंकू

आमच्या गच्चीवर पाइपाला बसवलेल्या पांढऱ्या शंकूला शेजारी ‘डिशचं पिल्लू’ म्हणतात. तो माझ्या घड्याळाचा जीपीएस अँटेना. पक्षी बसू नयेत, बर्फ साचू नये म्हणून हा आकार. पुण्यात बर्फ कुठला म्हणा! पण हा माल मोबाइल टॉवरसाठी घडलेला. टॉवरवरून उतरला की हौशी लोकांच्या हाती येतो.

घरच्या अचूक वेळेचा हा नाद १९९० च्या दशकातला. नासाच्या गोडार्ड केंद्रातले टॉम क्लार्क यांनी रेडिओ दुर्बिणींसाठी मोटोरोलाच्या ऑनकोर रिसीव्हरवर स्वस्तातलं घड्याळ रचलं, आणि हौशींनी ते उचललं. तेव्हा अमेरिका जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे २००० ला ती थांबली. माझ्या मते अँटेनाचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. कारण आता दोष द्यायला घरचीच मंडळी उरली. गच्चीवरच्या टाकीवरून उसळून आलेला सिग्नल उशिरा पोचतो, म्हणून अँटेना तिच्यापासून लांब आणि उंच हवा. केबलही मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद खाते. माझी ३० मीटर, म्हणजे १५०. तेवढे रिसीव्हरमध्ये भरून टाकायचे. महागडा अँटेना घेण्याआधी एवढं तरी करावं.