पूर्वेचें मोतीं आणि सहा घाट

भुसावळसारख्या रेल्वेच्या गांवीं यंत्राची प्रतिष्ठा कशांत असते, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. जें इंजिन गाडी घेऊन निघालें आणि वाटेंत उभें राहिलें, तें कितीहि चकचकीत असलें तरी शेडमध्यें त्याची गणना नादुरुस्तांतच होते. मोटारगाडीच्या इतिहासांतहि हीच कसोटी लागू पडली, आणि तिचा एक संस्मरणीय प्रयोग महाराष्ट्रांतील घाटांत घडला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मोटार ही धनिकांची हौस होती. पण ती मोठी बेभरंवशाची हौस होती. सन १९०४ मध्यें मँचेस्टर येथें हेन्री रॉइस हा यंत्रज्ञ आणि चार्लस रोल्स हा उमरावपुत्र विक्रेता यांची गांठ पडली व १९०६ मध्यें रोल्स-रॉइस कंपनी स्थापन झाली. कंपनीचा चतुर व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यानें एक मर्म ओळखिलें. मौल्यवान् मोटार घेणारा गिऱ्हाईक केवळ गाडीचे नव्हे, तर निश्चिंतीचे दाम मोजतो. म्हणून १९०७ मध्यें 'सिल्व्हर घोस्ट' नांवाची गाडी रॉयल ऑटोमोबाईल क्लबाच्या देखरेखीखालीं लंडन व ग्लासगो यांच्या दरम्यान अहोरात्र फिरविण्यांत आली. रविवारची विश्रांति व टायरची कामें वगळतां ती १४,३७१ मैल अखंड धावली. पुढें ती खोलून तपासली, तेव्हां झिजलेल्या भागांची भरपाई अवघ्या २ पौंड २ शिलिंग ७ पेन्सांत झाली.

परंतु विलायतेंतील रस्ते निराळे आणि हिंदुस्थानांतील ऊन, धूळ व चढाव निराळे. ही शंका फिटावी म्हणून १९०८ मध्यें 'पर्ल ऑफ दि ईस्ट', म्हणजे 'पूर्वेचें मोतीं', या नांवाची गाडी मुंबईस आली व मुंबई-कोल्हापूर कसोटींत उतरली. अंतर ६२० मैलांचें आणि वाटेंत सहा घाट! बोरघाट, कात्रज, खंबाटकी हीं नांवें ज्यांनीं बैलगाडीच्या काळांतील प्रवासवर्णनांत वाचलीं असतील, त्यांस त्या चढणींची कल्पना येईल. गाडीनें कसोटी जिंकली आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनीं ती विकत घेतली. मेजवानीच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरविणारे हे यंत्रप्रेमी महाराज! मुंबईहून त्यांच्या राजधानीकडे जाणारा आग्रा रस्ता धुळें व शिरपूर या मार्गानें खानदेश ओलांडतो, हें येथील श्रोत्यांस ठाऊकच आहे. पुढें १९११ च्या दिल्ली दरबारासाठीं सरकारनें याच कंपनीच्या आठ गाड्या घेतल्या. घाटांत मिळविलेलें नांव राजदरबारीं फळास आलें.

तथापि कीर्ति मिळविण्यापेक्षां ती राखणें कठीण. १९१२ मध्यें आल्प्स पर्वतांतील स्पर्धेंत याच कंपनीची एक गाडी कॅट्शबर्ग घाटांत अडली; उतारू खालीं उतरल्यावरच ती वर चढली. गाडी एका खाजगी मालकाची होती, तेव्हां दोष त्याच्या माथीं मारतां आला असता. कंपनीनें तसें केलें नाहीं. गिअरबॉक्सांतील तीन गती अशा चढास अपुऱ्या पडतात हें ओळखून तिनें चार गतींच्या गाड्या सिद्ध केल्या, आणि १९१३ मध्यें त्याच स्पर्धेंत त्या पाठवून यश संपादन केलें.

या कंपनीची गाडी कधीं 'मोडत' नाहीं, ती फक्त 'पुढें जाण्यास असमर्थ होते', अशी एक गंमतीची म्हण पुढें रूढ झाली. शब्दांच्या आडोशानें अब्रू झांकण्याचा हा प्रकार हंसण्यासारखा खरा. पण अशा शब्दांवर कोणतीहि कीर्ति फार दिवस टिकत नाहीं. नुसत्या कीर्तीनें हिशेबहि भागत नाहीं. विमानाच्या नव्या इंजिनाचा खर्च न पेलल्यामुळें १९७१ मध्यें ही कंपनी बुडाली व सरकारनें तिचा मुख्य धंदा हातीं घेतला. मोटारींची शाखा १९७३ मध्यें वेगळी झाली. मोटारींवरील तें नांव आतां जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीकडे आहे.

धनी बदलले, तरी नांवास मोल राहिलें. त्या मोलाचा पाया जाहिरातींत नव्हता. आपलें यंत्र परक्याच्या देखरेखीखालीं खोलून दाखविण्याचें धैर्य आणि चढणीवर उघडा पडलेला दोष कबूल करून तो दुरुस्त करण्याचा प्रामाणिकपणा, यांवर तो रचला गेला होता. कारखानदारास जें लागू, तेंच सुतारास, शिंप्यास आणि शिक्षकासहि लागू आहे. नांव सपाटीवर मिळतें. त्याची परीक्षा मात्र घाटांतच होते.