पीळ आणि धनुष्य

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो आणि तिच्यात कौतुकापेक्षा वैतागच अधिक असतो. धनुष्य घडविणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा दोष नव्हे, तर लाकडाचा स्वभाव होय. पीळ जाणार नाही हे गृहीत धरूनच त्याला कामाला लागावे लागते.

रायपूरच्या आग्नेयेस, महानदी आणि पैरी यांच्या खोऱ्यांत जे अरण्य पसरले आहे, ते सरळ लाकडासाठी प्रसिद्ध नाही. तेथील सालवृक्षाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. धावड्याचे लाकूड कठीण, म्हणून ते कुऱ्हाडीच्या दांड्याला जाते. कोरड्या, खडकाळ उतारावर वाढलेला वेळू भरीव आणि चिवट असतो, पण क्वचितच सरळ. धामण तेवढी लवचिक; तिच्या लाकडाला धनुष्यासाठी जुनी मागणी आहे. परंतु तीही कोठे गाठीने, कोठे पिळाने आपले वेगळेपण राखूनच असते. अशा सामग्रीतून या प्रदेशातील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या धनुष्ये घडविली. या कारागिरीचा इतिहास लिहावयाचा तर प्रथम ती समजून घेतली पाहिजे.

लाकूड करवतीने कापले की सरळ फळी मिळते, पण करवत तंतूंचा विचार करीत नाही, पाचर करते. पाचरीने फोडलेले लाकूड आपल्याच तंतूंच्या वाटेने उलगडते आणि तंतू पिळाचे असतील तर दांडाही मळसूत्रासारखा वळलेला निघतो. डोळ्यांना तो वेडावाकडा दिसतो, तरीही तोच भरवशाचा. कारण धनुष्य ओढले असता त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरच्या बाजूचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड नसतील, तर ते पहिल्याच पूर्ण ओढीला चिरफाळते. वेळूचे सर्वांत दाट तंतू सालीलगत असतात. म्हणून त्याची साल धनुष्याच्या पाठीवर तशीच राखून तासकाम आतून करावयाचे. गाठ आली तर तिच्याभोवती थोडे लाकूड जास्त ठेवावयाचे. पीळ फारच असेल तर तो भाग निखाऱ्यांवर शेकून, मऊ झाल्यावर हलकेच फिरवून, निवेपर्यंत धरून ठेवावयाचा; तेही गरजेपुरतेच. सारा दांडा सरळ होण्याची आवश्यकता नसते. दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे आणि दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत, एवढीच अट. मग वाकवून पाहणे, ताठ बाजू किंचित खरवडणे, पुन्हा पाहणे. तासलेले लाकूड परत लावता येत नाही, म्हणून या कामात घाई चालत नाही.

ही विद्या लिखित परंपरेला अगदी अपरिचित होती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत आणि प्रत्यंचेच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेळूचेही नाव आहे. बस्तरकडील गोंड समाजाच्या धनुष्याला दोरीऐवजी वेळूचीच पातळ पट्टी लावण्याची रीत आहे. ग्रंथातील तो उल्लेख अशा रीतीने अरण्यात जिवंत राहिला. अग्निपुराणातील धनुर्वेद शरद ऋतूत तोडलेल्या वेळूचे धनुष्य श्रेष्ठ मानतो. हेरोडोटसने क्षयार्षाच्या सैन्यातील भारतीयांच्या हाती वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे बाण असल्याचे नोंदविले आहे, तर एरियनने माणसाच्या उंचीचे, जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटावयाचे धनुष्य वर्णिले आहे. मात्र हे सारे लिहिणारे धनुष्याकडे पाहणारे होते. ते घडविणाऱ्याने आपल्या हाताने लिहिलेले काहीही नाही.

रायपूरच्या इतिहासातही हाच भेद दिसतो. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १७४१ नंतर छत्तीसगढात पसरली, बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरहून कारभार पाहत होते, १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रायपूरला आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. या घडामोडी कागदांतून कळतात. धनुष्य कागदावर येत नाही आणि मातीतही टिकत नाही. लाकूड कुजते, दोरी तुटते, उरलेच तर बाणाचे लोखंडी पाते उरते.

तरीही एका वाटेने बाण दप्तरात शिरला. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीच्या ग्रंथात बिंझवार जमातीची नोंद आहे. बाण हे या जमातीचे चिन्ह. तिचे जमीनदार सहीऐवजी बाणाची आकृती काढीत. विंध्यवासिनीचे पुत्र असलेल्या बारा धनुर्धर भावांचे बाण पुरीच्या देवळाच्या दारात रुतले, राजाच्या हत्तींनाही ते उपटता आले नाहीत आणि त्या भावांनी हातांनी सहज काढले, अशी त्यांची उत्पत्तिकथा तेथेच दिली आहे. अक्षर आणि बाण यांत बाणाची निवड करणाऱ्या याच जमातीतील सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार लोकांसाठी उघडले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आले.

त्याच ग्रंथात कमार या लहान जमातीचीही नोंद आहे. १९११ मध्ये त्यांची संख्या सुमारे सात हजार होती आणि बिंद्रानवागढ व खरियार या जमीनदाऱ्यांत त्यांची मुख्य वस्ती होती. श्यामाचरण दुबे यांनी १९५१ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. फिरती शेती, शिकार, कंदमुळे आणि वेळूचे काम यांवर जगणाऱ्या या लोकांना वेळूवाचून आयुष्य नव्हते.

म्हणूनच १८७८ हे वर्ष महत्त्वाचे वाटते. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. वन कायद्याने अरण्यातील लाकूड तोडण्याचा हक्क सरकारच्या हाती अधिक घट्ट नेला. शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत तलवार, भाला यांच्या जोडीने धनुष्यबाणाचे नाव घातले. दांडा एका कायद्याच्या कक्षेत गेला आणि धनुष्य दुसऱ्याच्या. १९२७ च्या वन कायद्याने वनस्पतिशास्त्रात गवत असलेल्या वेळूला वृक्ष ठरविले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधन आणले. वन्यप्राण्यांची घटती संख्या पाहता ते अनाठायी नव्हते, पण त्याने धनुष्याचे रोजचे कामच संपविले. वेळू हे गौण वनउपज असून त्यावर वनवासींचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले.

जे काम उरत नाही, त्याची विद्याही फार काळ उरत नाही. धनुष्य संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येते; दांडा कोठे शेकावा, कोठे हात आवरावा, हे तेथे ठेवता येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि मधला हात नाहीसा झाला की तुटते. बिंद्रानवागढचा परिसर २०१२ पासून रायपूर जिल्ह्यातून वेगळा होऊन गरियाबंद जिल्ह्यात आला आहे आणि कमार तेथे आजही वेळूच्या टोपल्या विणतात. म्हणजे वेळू ओळखणारा हात अजून आहे.

राज्यकर्त्यांनी त्या अरण्याला आणि माणसांना पुन्हा पुन्हा सरळ फळीसारखे कापून पाहिले. धनुष्य घडविणाऱ्याची अट याहून साधी होती. दांडा वाकडा असो, दोरी मुठीवरून गेली की पुरे.