बदलीच्या गावी निघताना : घरसामान वखारीत ठेवण्यापूर्वी

बदलीचा आदेश हाती पडला, की मुलांच्या शाळेपाठोपाठ चिंता लागते ती घरातील सामानाची. महाराष्ट्र शासनाच्या बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमानुसार शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावातून निघणाऱ्या कुटुंबाला नव्या ठिकाणी लहान जागा मिळाली, तर सागवानी कपाट, दिवाण, जेवणाचे टेबल मागे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

अडचण आहे ती या वेळेतच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना सामान कोरडेठाक दिसते आणि निर्धास्तपणे बंद खोलीत रचले जाते. जूनच्या मध्याच्या सुमारास विदर्भात पाऊस येतो, आणि दिवाळीत कुलूप उघडले की बुरशीचा वास आणि वाळवीची माती समोर येते. सामान नुसते पडून राहिल्याने क्वचितच बिघडते. ते बिघडते कोंडलेल्या ओलाव्याने. पुढील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

जागा कशी असावी?

मुंबई-पुण्यात महिन्याच्या भाड्याने कुलूपबंद खोली देणारी ‘सेल्फ स्टोरेज’ केंद्रे आहेत. लहान गावात तेच काम शटरचा गाळा, नातलगाच्या घरातील रिकामी खोली किंवा एखादे गोदाम करते. जागा कोणतीही असो, तिचे जोते रस्त्यापेक्षा उंच हवे. वऱ्हाडातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे फरशीला तडे जातात व त्या तड्यांतून वाळवी वर येते. असे तडे आधी बुजवून घ्यावेत. भिंतीच्या तळाशी ओलीचे पट्टे किंवा पोपडे दिसल्यास ती जागा टाळावी. नुसत्या टिनपत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात प्लायवूडचा डिंक सुटतो, हेही ध्यानात घ्यावे.

धान्याच्या गोदामाचा कोपरा स्वस्तात मिळाला, तरी तो नाकारणेच शहाणपणाचे. धान्यामागे उंदीर येतात. शिवाय धान्याला लागणाऱ्या किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसाला प्राणघातक असतोच, परंतु तो तांब्यालाही खातो. दूरदर्शन संच, फ्रिज यांतील तारा व जोडण्या त्याने खराब होतात.

सागवानही अभेद्य नाही

मेळघाटालगतचे परतवाडा सागवानासाठी प्रसिद्ध आहे आणि वऱ्हाडातील अनेक घरांत तेथील लाकडाचे फर्निचर आढळते. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र हे संरक्षण नसते, आणि सागवानी कपाटाची पाठ किंवा खणाचा तळ अनेकदा प्लायवूडचा असतो. कीड तेथूनच शिरते. लाकडातील पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणून सामान आधी कोरड्या फडक्याने पुसावे, सावलीत दोन-तीन दिवस वारा द्यावा. गाद्या आणि उशांना मात्र कडक ऊन दाखवावे.

लाकडाला जवसाचे तेल लावण्याची पद्धत चांगली आहे. मात्र ते तेल पुरते वाळल्यावरच सामान हलवावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो; त्या गोदामात राहू देऊ नयेत.

मांडणी

सामान थेट फरशीवर न ठेवता विटा किंवा लाकडी फळ्यांवर, चार-पाच इंच उंच ठेवावे. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. लाकूड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आतील बाष्पाला वाट राहत नाही. जुनी धोतरे किंवा सुती चादरी पुरेशा होतात. टेबलाचे पाय सुटत असतील तर सोडवावेत आणि स्क्रू पिशवीत घालून त्याच टेबलाला बांधावेत. काच उभी ठेवावी. कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या कपड्यांतील किडीला दूर ठेवतात, वाळवीला नव्हे. मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवावी, म्हणजे मागचे कपाटही तपासता येते.

फ्रिज बर्फ वितळवून, आतून पुसून, दार किंचित उघडे राहील असा ठेवावा. धुलाई यंत्राच्या नळीतील पाणी काढावे. कूलरच्या जाळ्यांतील वाळा किंवा गवत फेकून द्यावे व टाकी कोरडी करावी. गॅसचे सिलिंडर गोदामात कदापि ठेवू नये. ते एजन्सीकडे जमा करून पावती घ्यावी. इन्व्हर्टरची बॅटरी, रॉकेल आणि रंगाचे डबेही बाहेरच ठेवावेत.

कागदपत्रे

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याचा माल सांभाळण्यास घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. परंतु गाळा भाड्याने घेऊन किल्ली स्वतःकडे ठेवली, तर मालकाने जागा दिली, माल ताब्यात घेतला नाही, असे म्हणण्यास त्याला वाव राहतो. म्हणून करारात गळती, आग आणि चोरीची जबाबदारी स्पष्ट लिहून घ्यावी. सामानाची यादी व छायाचित्रे दोन्ही पक्षांनी स्वाक्षरी करून ठेवावीत. नोंदणीकृत व्यावसायिक शेतमाल वगळता इतर मालाच्या साठवणुकीवर १८ टक्के जीएसटी आकारतो. भाडे ठरवितानाच ते धरले आहे काय, हे विचारावे. घराचा विमा असल्यास सामान नव्या जागी हलविल्याचे कंपनीला लेखी कळवावे आणि तेथेही संरक्षण मिळते काय, याचे उत्तर लेखीच घ्यावे.

शेवटची व्यवस्था माणसाची. एक किल्ली गावातील विश्वासू व्यक्तीकडे असावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप असलेल्या दिवशी तिने दोन-तीन तास खोली उघडी ठेवावी. यातील पहिली फेरी पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरातच व्हायला हवी. छप्पर कोठे गळते आणि फरशी कोठे ओल धरते, हे त्याच दिवशी कळते, आणि तेव्हा सामान हलविण्यास वेळही असतो.