पांच मुली आणि अकरा वर्षें

इ. स. १८७१ च्या डिसेंबर महिन्याची २३ तारीख. जपानांतील योकोहामा बंदरांतून 'अमेरिका' नांवाची आगबोट त्या दिवशीं निघाली, तींत नव्या सरकारचें एक मोठें शिष्टमंडळ होतें. इवाकुरा तोमोमी हे त्याचे मुख्य. ओकुबो, किदो, इतो हे राज्याचे कर्ते पुरुष बरोबर. शिवाय परदेशीं शिकावयास निघालेले कितीतरी तरुण. शंभरांहून अधिक माणसांच्या या मेळाव्यांत पांच मुली होत्या. थोरल्या दोघी, योशिमासु रियोको आणि उएदा तेइको, चौदा-पंधरा वर्षांच्या. यामाकावा सुतेमात्सु अकरांची, नागाइ शिगेको नऊ-दहांची. आणि त्सुदा उमेको अवघी सहांची. उमेकोचा सातवा वाढदिवस आगबोटीवरच आला.

मुलींना दहा वर्षें अमेरिकेंत ठेवून शिकवावें ही कल्पना होक्काइदो बेटाच्या वसाहतखात्याचे अधिकारी कुरोदा कियोताका यांची. अमेरिकेंतील स्त्रिया त्यांनीं पाहिल्या होत्या, आणि शिकलेल्या आईवांचून शिकलेली पिढी निपजत नाहीं असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. सारा खर्च सरकारचा. तरीहि पहिल्या जाहिरातीस एकहि अर्ज आला नाहीं, आणि त्यांत नवल तें कसलें? दहा वर्षांनीं परतणारी मुलगी लग्नाचें वय ओलांडून येणार. तिला पदरीं कोण घेणार? अखेर ज्या घरांनीं मुली दिल्या तीं १८६८ च्या यादवींत शोगुनाच्या बाजूला राहून हरलेल्या पक्षाचीं घरें होतीं. त्यांच्यापाशीं गमावण्यासारखें फारसें उरलें नव्हतें.

सुतेमात्सूचीच गोष्ट पाहा. ऐझूच्या किल्ल्यास सरकारी फौजेचा वेढा पडला तेव्हां ती आठ वर्षांची होती, आणि किल्ल्याच्या आंतच होती. आंत येऊन पडणाऱ्या तोफगोळ्यांवर ओल्या रजया टाकून ते विझविणें हें तेथील बायकामुलांचें काम. तिचें मूळ नांव साकिको. परदेशीं धाडतांना आईनें तें बदलून सुतेमात्सु ठेवलें. 'सुते' म्हणजे टाकून देणें, आणि 'मात्सु' या उच्चारांत वाट पाहणें हाहि अर्थ येतो. मुलीला टाकलें आणि तिची वाट पाहत बसलें, हें त्या माउलीनें नांवांतच सांगून ठेवलें.

निघण्यापूर्वीं मुलींना सम्राज्ञीच्या भेटीस नेण्यांत आलें. अहोरात्र अभ्यास करावा, आणि परत आल्यावर देशांतील स्त्रियांना आदर्श व्हावें, अशी लेखी आज्ञा त्यांना मिळाली. ती आज्ञा सहा वर्षांच्या उमेकोस कितपत उमगली असेल!

जानेवारी १८७२ मध्यें आगबोट सान फ्रान्सिस्कोस लागली. पुढें आगगाडीचा प्रवास. पण वाटेंत इतकें बर्फ पडलें कीं सॉल्ट लेक शहरीं दोन आठवड्यांहून अधिक काळ मुक्काम पडला. त्या बर्फाच्या चकाकीनें रियोकोच्या डोळ्यांना इजा झाली, ती पुढें बरी झालीच नाहीं. फेब्रुवारीच्या अखेरीस मंडळी वॉशिंग्टनला पोंचली. तेथील जपानी वकील मोरी आरिनोरी हा स्वतःच चोवीस वर्षांचा तरुण. त्यानें पांचही मुलींना एका घरांत ठेवून शिक्षिका नेमून दिली. व्यवस्था दिसण्यांत चांगली. पण झालें उलटेंच. पांचजणी दिवसभर आपसांत जपानीच बोलत, आणि इंग्रजी कांहीं पुढें सरकेना. शेवटीं मोरीनें हा घोळका मोडला. रियोको डोळ्यांच्या दुखण्यामुळें आणि तेइको तिच्या सोबतीनें त्याच वर्षीं मायदेशीं परतली. सुतेमात्सु न्यू हेवन येथें बेकन नांवाच्या धर्मोपदेशकाच्या घरीं गेली, शिगेको तेथून जवळच अ‍ॅबट कुटुंबांत, आणि उमेको वॉशिंग्टनलगतच्या जॉर्जटाउनमध्यें लॅनमन या निपुत्रिक दांपत्याकडे. मोरीचा निर्णय कठोर खरा; पण शिक्षणाच्या दृष्टीनें तोच बरोबर होता असें म्हणावें लागतें.

पुढचीं वर्षें भराभर गेलीं. सुतेमात्सु आणि शिगेको १८७८ मध्यें व्हासार कॉलेजांत दाखल झाल्या. शिगेको संगीत शिकून १८८१ त परतली. सुतेमात्सु १८८२ मध्यें पदवीधर झाली. कॉलेजची पदवी मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरांत ती आणि उमेको, मुदतीहून एक वर्ष अधिक राहून, योकोहामास उतरल्या.

खरी परीक्षा येथून पुढची. सुतेमात्सूचा भाऊ केंजिरो कांहीं वर्षें न्यू हेवनलाच येल विद्यापीठांत शिकत होता; त्यानें बहिणीची मातृभाषा नेमानें घोटून घेतली, म्हणून तिला बोलतां तरी येत होतें. उमेकोला तेंहि नाहीं. जन्मदात्या आईशीं बोलावयास तिला दुभाषा लागे! ज्या खात्यानें मुलींना धाडलें तें खातेंच त्या वर्षीं बंद झालें होतें. परदेशाहून शिकून आलेल्या तरुणांना मोठमोठ्या जागा तयार होत्या. या मुलींचें काय करावयाचें याचा मात्र कोणी विचारच केला नव्हता. सुतेमात्सूला शिक्षिकेची जागा मिळाली असती, पण वर्गांत शिकविण्याइतकें जपानी लिहितां-वाचतां येत नव्हतें.

अशा वेळीं या तिघींना एकमेकींवांचून कोण होतें? मोडलेला घोळका येथें पुन्हां जमला. ज्या इंग्रजीसाठीं त्यांना एकमेकींपासून तोडलें, तीच आतां त्यांच्या मनमोकळ्या बोलण्याची भाषा झाली. उमेकोनें लॅनमनबाईंना वर्षानुवर्षें लिहिलेलीं शेकडों पत्रें १९८४ मध्यें तिच्या संस्थेच्या इमारतींत माळ्यावर सांपडलीं. त्यांवरून हा एकटेपणा आणि ही सोबत दोन्ही कळतात. महाराष्ट्रीय वाचकास येथें आनंदीबाई जोशी आठवल्यावांचून राहणार नाहींत. त्या १८८३ मध्यें एकट्या समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ मध्यें डॉक्टर होऊन परतल्या. पति पाठीशीं होते. परंतु तेंच शिक्षण घेऊन बरोबर परतलेली एकहि मैत्रीण नव्हती.

शिगेकोनें नौदलाचे अधिकारी उर्यू यांच्याशीं लग्न केलें आणि संसार सांभाळून वर्षानुवर्षें पियानो शिकविला. सुतेमात्सूनें १८८३ मध्यें युद्धमंत्री ओयामा इवाओ यांस वरलें. ते तिच्याहून अठरा वर्षांनीं मोठे, विधुर, तीन मुलींचे बाप; आणि ऐझूच्या वेढ्यांत किल्ल्यावर तोफा डागणाऱ्यांपैकीं एक! घरच्यांनीं विरोध केला यांत आश्चर्य नाहीं. या लग्नाला कोणी तडजोड म्हणेल. पण त्या स्थानाचा उपयोग सुतेमात्सूबाईंनीं काय केला तें पाहावें. १८८४ मध्यें त्यांनीं उच्चकुलीन स्त्रियांकडून धर्मार्थ बाजार भरवून परिचारिकांच्या शिक्षणासाठीं पैसा उभा केला. आणि सरदारकन्यांच्या नव्या शाळेंत १८८५ पासून उमेकोबाई इंग्रजी शिकवूं लागल्या.

उमेकोबाईंनीं लग्न केलें नाहीं. १८८९ मध्यें त्या पुन्हां अमेरिकेस गेल्या, ब्रिन मॉर कॉलेजांत जीवशास्त्र शिकल्या, आणि पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे मॉर्गन यांच्याबरोबर बेडकाच्या अंड्यावरील संशोधनांत सहभागी झाल्या. शास्त्रांतच राहण्याचा मार्ग मोकळा असतां त्या परतल्या. १४ सप्टेंबर १९०० रोजीं तोक्योंत एका भाड्याच्या घरांत दहा विद्यार्थिनींवर त्यांनीं आपली इंग्रजी शाळा काढली. सुतेमात्सूबाई आणि शिगेकोबाई दोघी पाठीशीं होत्या, आणि मदतीस अमेरिकेहून आल्या त्या अ‍ॅलिस बेकन: ज्या घरीं सुतेमात्सु लहानपणीं राहिली, त्या घरची मुलगी. तीच शाळा आज त्सुदा विद्यापीठ आहे, आणि २०२४ पासून जपानच्या पांच हजार येनच्या नोटेवर उमेकोबाईंचा चेहरा आहे.

१९१६ सालीं पहिल्या पांचांपैकीं चौघी पुन्हां एकत्र आल्या. डॉक्टराच्या घरीं संसार केलेल्या तेइकोबाईहि आल्या होत्या. रियोकोबाई मात्र नव्हत्या. दृष्टि अधू असूनहि त्यांनीं १८८५ त मुलींना इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला होता, आणि पुढल्याच वर्षीं महामारीनें त्यांना नेलें.

पुढें उमेकोबाई आजारी पडल्या. शाळा कोणाच्या हातीं द्यावी हा प्रश्न आला. त्यांच्या जागीं योग्य बाई पाहून तिचें मन वळविण्याची खटपट सुतेमात्सूबाईंनीं आपणहून अंगावर घेतली. शहरांत इन्फ्लुएन्झाची सांथ होती. नवी मुख्याध्यापिका कामावर रुजू झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १८ फेब्रुवारी १९१९ रोजीं, त्या सांथींत सुतेमात्सूबाई वारल्या.