रिटॅलिन-वाद

चंचल किंवा अवधान टिकवू न शकणाऱ्या मुलांना उत्तेजक औषधे द्यावीत का, याविषयी अमेरिकेत १९७० पासून चालू असलेला वाद. मेथिलफेनिडेट या औषधाच्या ‘रिटॅलिन’ या व्यापारी नावाने तो ओळखला जातो. ज्या विकारासाठी हे औषध देतात, तो आज ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी परिचित आहे.

पार्श्वभूमी : चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमधील बालरुग्णालयात वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे ॲम्फेटामीन दिले. मेंदूच्या तपासणीनंतर होणारी डोकेदुखी थांबवणे हा मूळ हेतू होता. मात्र सुमारे निम्म्या मुलांची अभ्यासातील प्रगती लक्षणीय वाढली. मेथिलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तयार झाले आणि १९६० च्या दशकात मुलांसाठी रूढ झाले. ते मेंदूतील डोपामीन व नॉरएपिनेफ्रिन यांचे पुनःशोषण रोखते.

जून १९७० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ओमाहा शहरातील ५ ते १० टक्के शाळकरी मुलांना अशी औषधे दिली जात असल्याचे वृत्त छापले. आकडा पुढे वादग्रस्त ठरला. परंतु त्याच वर्षी कॉर्नेलियस गॅलेगर यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सुनावणी घेतली. १९७१ मध्ये औषधावर कडक नियंत्रण आले.

आक्षेप : विकार ठरवणारी रक्तचाचणी वा मेंदूचे छायाचित्रण नाही, निदान पालक-शिक्षकांच्या निरीक्षणांवर अवलंबून असते. वर्गातील गर्दी, शिस्तीचा आग्रह किंवा घरातील ताण यांचे खापर मुलाच्या मेंदूवर फोडले जाते, असे पीटर श्रॅग व डायन डिव्होकी यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडले. भूक व झोप कमी होणे, वाढ मंदावणे, औषधाचा गैरवापर आणि औषध कंपन्यांचे हितसंबंध हेही आक्षेपाचे मुद्दे आहेत. विकारच बनावट आहे, हा सायंटॉलॉजी पंथाशी संलग्न संघटनेचा दावा वैद्यकशास्त्राने स्वीकारलेला नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत विकाराची आनुवंशिकता ठळकपणे दिसते.

संशोधन : ५७९ मुलांवरील ‘एमटीए’ चाचणीत (१९९९) १४ महिन्यांनंतर मुख्य लक्षणांवर काटेकोर औषधोपचार निव्वळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला. तीन वर्षांनंतर मात्र गटांमधील फरक उरला नाही. निदानाविषयीच्या शंकेला वयाच्या अभ्यासांनी बळ दिले. शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही वयाची सीमा असलेल्या अमेरिकी राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांत निदानाचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक आढळले (२०१८). काही मुलांचे केवळ कोवळे वयच विकार म्हणून नोंदले जात असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

धोरण : औषध घेतल्याशिवाय शाळेत बसू न देण्यास अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने मनाई केली. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण व वर्तनोपचार, अशी तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे. भारतात मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. २०२२ मध्ये ३ ते १७ वयोगटातील ११·४ टक्के अमेरिकी मुलांचे कधी ना कधी हे निदान झालेले होते. औषधाचा अल्पकालीन गुण मान्य करणारे तज्ज्ञही ते कोणाला, कोणत्या वयापासून व किती काळ द्यावे, यावर एकमत नाहीत.