संशयितच जेव्हा शोध घेऊ लागतात

रहस्यकथेच्या इतिहासात आज आपण एका जोडीची गोष्ट पाहणार आहोत. दोघेही पुरुष आहेत, एकमेकांवर त्यांचं प्रेम आहे, ते एकत्र राहतात. दोघांपैकी कोणीही पोलिसात नाही, कोणाकडे खासगी गुप्तहेराचा परवाना नाही. टॉम मेसन हा शिकागोजवळच्या उपनगरातला शाळामास्तर आणि स्कॉट कार्पेंटर हा नामांकित बेसबॉलपटू. मार्क रिचर्ड झुब्रो या अमेरिकन लेखकाने १९८९ साली ‘अ सिंपल सबर्बन मर्डर’ या कादंबरीत त्यांना पहिल्यांदा आणलं आणि पुढे अनेक वर्षं ही मालिका चालू ठेवली. झुब्रो स्वतः शिकागो परिसरातल्या शाळेत शिक्षक होते.

आता कोणी विचारेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी खुनाच्या कादंबऱ्यांवर व्याख्यान कशासाठी द्यावं? कारण या कादंबऱ्यांनी एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. कायदा आणि न्याय या दोन गोष्टी एकच आहेत का? गुप्तहेर हा नेहमी कायद्याच्या बाजूचा माणूस असतो, असं आपण धरून चालतो. पण ज्याला कायद्यानेच गुन्हेगार ठरवलं आहे, तो माणूस गुन्ह्याचा शोध घेऊ लागला तर काय होतं?

यासाठी थोडं मागे जाऊ. ३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एक जेवण झालं. ‘लिपिन्कॉट्स’ या अमेरिकन मासिकाचे संपादक जोसेफ स्टोडार्ट यजमान होते आणि पाहुण्यांमध्ये आर्थर कॉनन डॉइल आणि ऑस्कर वाइल्ड होते. त्या जेवणातून मासिकाला दोन कादंबऱ्या मिळाल्या. डॉइलची ‘द साइन ऑफ फोर’ म्हणजे शेरलॉक होम्सची दुसरी कादंबरी, आणि वाइल्डची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’. दोन्ही १८९० साली छापल्या गेल्या. डॉइलचा नायक पुढे जगभरात सत्यशोधनाचं प्रतीक झाला. वाइल्ड मात्र १८९५ साली दोन वर्षांच्या सक्तमजुरीवर गेला. त्याला ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते १८८५ सालचं, म्हणजे होम्सच्या जन्माच्या दोनच वर्षं आधीचं. दोन पुरुषांमधल्या संबंधांना या कलमाने इतकं मोघम गुन्हेगार ठरवलं होतं, की लोक त्याला ‘ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद’ म्हणू लागले.

ब्लॅकमेल हा रहस्यकथेचा आवडता कच्चा माल. त्यामुळे समलिंगी माणूस या साहित्यात आला, पण कुठल्या भूमिकेत? कधी कोणाच्या तरी मुठीत सापडलेला घाबरट माणूस, कधी संशयित, कधी खुनी, नाहीतर सरळ प्रेत. शोध घेणाऱ्याच्या खुर्चीत त्याला क्वचितच कोणी बसवलं.

शिवाय रहस्यकथेचे स्वतःचेही सोवळ्याचे नियम होते. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली वीस नियमांची यादीच दिली. त्यात प्रेमप्रकरण नको, असा एक नियम आणि गुप्तहेर एकच हवा, असा दुसरा. म्हणजे प्रेमात पडलेली गुप्तहेरांची जोडी दुहेरी नियमभंग करणार! प्रत्यक्षात मात्र अशा जोड्या वाचकांनी डोक्यावर घेतल्या. अगाथा ख्रिस्तीचे टॉमी आणि टपेन्स १९२२ पासूनचे. डॅशिएल हॅमेटच्या ‘द थिन मॅन’ मधले निक आणि नोरा १९३४ चे. नवरा-बायकोच्या नोकझोकीत खुनाचा उलगडा होतो, हे वाचकाला गोड वाटत होतं. त्या नवरा-बायकोच्या जागी दोन पुरुष बसायला आणखी अर्धशतक जावं लागलं.

मधल्या काळातले दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. १९६६ साली जॉर्ज बॅक्स्टच्या ‘अ क्विअर काइंड ऑफ डेथ’ मध्ये फेअरो लव्ह हा न्यूयॉर्क पोलिसातला कृष्णवर्णीय समलिंगी डिटेक्टिव्ह आला. मग १९७० साली, स्टोनवॉलच्या उठावानंतर वर्षभराने, जोसेफ हॅन्सनची ‘फेडआऊट’ आली. तिचा नायक डेव्ह ब्रँडस्टेटर हा विमा कंपनीसाठी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करतो. कादंबरी सुरू होते तेव्हा त्याचा वीसहून अधिक वर्षांचा जोडीदार नुकताच कॅन्सरने गेलेला आहे. विधुराचं दुःख म्हणावं असं हे दुःख, पण त्याला समाजाच्या शब्दकोशात नाव नाही. हॅन्सनने ते कसलाही आक्रोश न करता लिहिलं, आणि आमच्या मते या परंपरेतला तोच सर्वांत मोठा लेखक.

पण फेअरो आणि डेव्ह दोघेही व्यावसायिक. एकाकडे पोलिसाचा बिल्ला, दुसऱ्याच्या पाठीशी विमा कंपनी. टॉम आणि स्कॉटकडे यातलं काहीच नाही, आणि हौशी असण्याचा खरा अर्थ इथे कळतो. ख्रिस्तीची मिस मार्पल हौशी आहे कारण तिच्याकडे वेळ आहे आणि गावात मान आहे. टॉमला शोध घ्यावा लागतो तो पोलिसांवर विसंबून राहण्याची सोय नाही म्हणून. १९९२ च्या ‘द प्रिन्सिपल कॉज ऑफ डेथ’ मध्ये शाळेच्या मुख्याध्यापकाचा खून होतो आणि संशयाची सुई थेट टॉमकडे वळते. खुनी शोधला नाही तर स्वतःच आत जायची पाळी. हा काही निवृत्त माणसाचा विरंगुळा नव्हे.

इथे आपलं न्यायशास्त्र फार उपयोगी पडतं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान आपल्याला ठाऊक आहे. ते टिकतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी अशी व्याप्ती आहे. हेतू व्याप्ती सोडून भलतीकडेही आढळत असेल तर तो हेत्वाभास, आणि त्याला नैयायिकांनी नाव दिलंय ‘सव्यभिचार’. गंमत पाहा, रोजच्या मराठीत ज्या शब्दाने आपण दुसऱ्याच्या चारित्र्यावर शिक्का मारतो, तोच शब्द तर्कशास्त्रात शिक्का मारणाऱ्याच्या विचारातला दोष दाखवतो! ‘हा समलिंगी आहे, म्हणून याच्यावर संशय’ हे वाक्य सव्यभिचारी हेतूचा नमुना आहे. पोलीस तिथे चुकतात, आणि टॉमला ती चूक दिसते, कारण ती त्याच्यावरच गुदरलेली असते.

दुसरीही एक गोष्ट. ज्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या खुणा लपवल्या, त्याला दुसऱ्याच्या खुणा चटकन वाचता येतात. कोण वाक्य अर्धवट सोडतो, कोण ‘आम्ही’ म्हणता म्हणता ‘मी’ म्हणतो, हे त्याच्या कानांना लगेच कळतं. लपून जगण्याची सक्ती हा अन्यायच, पण त्यातून निरीक्षणाची शिस्त तयार झाली, हेही खरं.

या मालिकेत इतिहास कसा उतरतो, ते आता पाहू. इलिनॉय हे समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून वगळणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. तो कायदा १ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. आपल्याकडे कलम ३७७ ज्या दंडसंहितेतून आलं ती १ जानेवारी १८६२ ला लागू झाली होती. बरोबर शंभर वर्षं! आपल्या सर्वोच्च न्यायालयाला त्या कलमाची धार काढायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. पण इलिनॉयमध्येही गुन्हा नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. अशा माणसाला नोकरीवरून काढू नये, असा राज्याचा कायदा २००६ पासूनचा. तोवर मास्तरकी करणाऱ्या टॉमच्या डोक्यावर टांगती तलवार होतीच.

१९९६ च्या ‘रस्ट ऑन द रेझर’ मध्ये स्कॉटच्या वडिलांच्या आजारपणामुळे ही जोडी जॉर्जियातल्या त्याच्या गावी जाते. तिथल्या शेरीफचा खून होतो आणि संशय येतो टॉमवर. आता त्या वेळचा जॉर्जिया लक्षात घ्या. अटलांटामध्ये मायकेल हार्डविक या तरुणाला १९८२ साली त्याच्याच घरात, झोपण्याच्या खोलीत अटक झाली होती. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा वैध ठरवला. शिक्षा वीस वर्षांपर्यंत. जॉर्जियाच्या न्यायालयाने तो रद्द केला १९९८ मध्ये. म्हणजे त्या गावात खुनाचा शोध घेणारे आपले दोघे नायक, एकमेकांवर प्रेम करतात एवढ्यानेच, कायद्याच्या पुस्तकात गुन्हेगार होते. खुनी सापडतो, गावाची घडी पुन्हा बसते, पण त्या घडीत या दोघांना जागा नसते.

२००२ च्या ‘हिअर कम्स द कॉर्प्स’ मध्ये दोघांचं लग्न लागतं आणि समारंभातच प्रेत सापडतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या एकाही राज्यात असं लग्न कायदेशीर नव्हतं. पहिली कायदेशीर लग्नं मॅसॅच्युसेट्समध्ये मे २००४ मध्ये लागली, इलिनॉयमध्ये सर्वत्र २०१४ साली. कादंबरी कायद्याच्या बारा वर्षं पुढे होती.

या कादंबऱ्या थोर साहित्य आहेत, असा आमचा दावा नाही. हॅन्सनची घट्ट भाषा झुब्रोकडे नाही. स्कॉटचा पैसा आणि प्रसिद्धी पुष्कळ अडचणी फार सहज सोडवते, आणि खलनायक कधी कधी पहिल्या भेटीतच ओळखू येतात. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या आपल्या पिढीला अशा सोयी नव्या नाहीत. आपण त्या हसतखेळत माफ केल्या होत्या, इथेही कराव्यात. मात्र इतिहासाच्या दृष्टीने या पुस्तकांचं मोल त्यांच्या साधेपणातच आहे. दिवसभर शाळा, संध्याकाळी जेवण काय करायचं यावरून वाद, मध्येच एक खून, आणि रात्री दमून दोघं घरी. दोन पुरुषांचा संसार इतका रोजचा, थोडासा कंटाळवाणासुद्धा असू शकतो, हे वाचकाच्या गळी उतरवायला रहस्यकथेइतकं सोयीचं वाहन दुसरं नव्हतं. कारण खुनी कोण या उत्सुकतेपायी वाचक पान उलटत राहतो, आणि उलटता उलटता त्या घरात बसायला शिकतो.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं. होम्स खुनी पकडून देतो तेव्हा कायदा आणि न्याय एकाच दिशेला असतात, म्हणून त्यांच्यातला फरक आपल्याला दिसत नाही. टॉम आणि स्कॉट खुनी पकडून देतात तेव्हा तो फरक उघडा पडतो. ज्या व्यवस्थेने त्यांना आपलं मानलं नाही, तिच्यासाठी ते सत्य शोधतात, आणि तरीही सत्य शोधणं सोडत नाहीत. नागरिकत्वाची याहून अवघड परीक्षा आम्हाला तरी माहीत नाही.

आता आपण प्रश्नांकडे वळू या.