तीस हजार भांड्यांचा आवा

इ. स. ७९ साली व्हेसूव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा पाँपेईतल्या एका घरात मालाची एक पेटी न उघडताच पडून होती. तिच्यात ९० नक्षीदार वाडगे आणि ३७ दिवे होते. पेटीतला माल बाहेर काढण्याआधीच शहर राखेखाली गाडलं गेलं आणि ती पेटी १८८१ साली उत्खननात हाती लागली. दिवे उत्तर इटलीतले होते. लालभडक, चकाकणारे वाडगे मात्र थेट गॉलमधून, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समधून आले होते. ज्या इटलीकडून गॉलच्या कुंभारांनी ही विद्या उचलली, त्याच इटलीत आता त्यांचा माल विकला जात होता.

हे कुंभार ला ग्रोफसांकचे. फ्रान्सच्या आव्हेरों विभागात मियो नावाचं गाव आहे. तिथे तार्न आणि दुर्बी या नद्यांचा संगम होतो. संगमाकाठच्या सपाट जमिनीवर पहिल्या शतकात कोंदातोमागुस ही वस्ती होती. आसपास उत्तम चिकणमाती, डोंगरांवर लाकूड आणि हाताशी वाहतं पाणी. एवढ्या भांडवलावर इ. स. १५-२०च्या सुमारास सुरू झालेला हा धंदा पुढे शतकभर ब्रिटनपासून उत्तर आफ्रिकेपर्यंतची ताटं-वाट्या पुरवत राहिला.

या भांड्यांना अभ्यासक टेरा सिजिलाटा म्हणतात. त्यांची सुरुवात इ. स. पूर्व पहिल्या शतकात इटलीतल्या आरेत्सो गावी झाली. श्रीमंतांच्या घरच्या चांदीच्या ताटवाट्यांचे आकार आणि नक्षी मातीत उतरवायची, ही मूळ कल्पना. चांदी परवडत नाही अशा घरात निदान तिची घडण तरी यावी.

भांड्याचा लाल रंग वरून फासलेला नसे. लोहयुक्त माती पाण्यात कालवून निवळत ठेवायची, जाड कण तळाशी बसू द्यायचे आणि वर उरलेली अतिशय बारीक माती तेवढी घ्यायची. सुकलेलं भांडं त्या पातळ लेपात बुडवून भाजलं की लेप घट्ट बसून काचेसारखा चकाकू लागे आणि लोहामुळे लाल होई. साध्या थाळ्या आणि पेले चाकावर घडत. नक्षीच्या वाडग्यांसाठी साचा लागे. आधी मातीचा जाड, खोलगट साचा करायचा आणि तो ओला असतानाच त्याच्या आतल्या अंगाला छोट्या ठशांनी ससे, कुत्रे, पानांच्या वेली, देवदेवता उमटवायच्या. मग साचा भाजून पक्का करायचा, तो चाकावर ठेवायचा आणि त्यात माती दाबत, फिरवत वाडगा घडवायचा. सुकताना माती आकसते, त्यामुळे वाडगा साच्यातून आपोआप सुटतो. शेवटी त्याला खालून पायथ्याची कड जोडली की काम संपलं. एका साच्यातून असे कितीतरी वाडगे निघत. साचा कोरणारा कारागीर निष्णात असावा लागे. त्यात माती भरणारा तेवढा निष्णात नसला तरी चाले.

खरी कसोटी मात्र आव्यात लागे. ला ग्रोफसांकला अलँ व्हेर्ने यांनी उत्खनन केलेला मोठा आवा बाहेरून सुमारे अकरा मीटर लांब आणि सात मीटर रुंद आहे. ज्वाळा किंवा धूर थेट भांड्यांना लागला तर लाल रंग काळवंडतो. म्हणून आग खालच्या कोठीत ठेवून तिची उष्णता भाजलेल्या मातीच्या नळ्यांमधून भांड्यांच्या कोठीत खेळवलेली असे. उष्णता हजार अंश सेल्सियसच्या आसपास न्यायची आणि तितकीच धरून ठेवायची, तीही तापमान मोजायचं कोणतंही साधन हाताशी नसताना. अंदाज चुकला की अख्खा आवा वाया. खड्ड्यांत टाकून दिलेली हजारो भांडी तिथे सापडली. काहींच्या चळती वितळून एकमेकींना कायमच्या चिकटलेल्या आहेत. त्यातल्या कित्येक आज मियोच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

एवढा मोठा आवा एका कुंभाराला भरता येत नाही आणि पेलतही नाही. तो अनेकांनी मिळून लावायचा, असा रिवाज होता. मग आव्यातून निघालेल्या ढिगात कोणाचा माल किती, हे ठरवायचं कसं?

त्याचं उत्तर त्या कुंभारांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. कच्च्या थाळीवर टोकदार काडीने हिशेब लिहायचा आणि ती थाळीही त्याच आव्यात भाजून काढायची, अशी त्यांची पद्धत. आबे फ्रेदेरिक एर्मे या धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन करून हे लेख उजेडात आणले आणि १९८८ मध्ये रोबेर मारिशाल यांनी त्यांचा मोठा संग्रह छापला. वरच्या ओळीत हा कितवा आवा ते लिहिलेलं असे. खाली एकेका कुंभाराचं नाव, पुढे भांड्याचा प्रकार, कधी त्याचं माप आणि शेवटी नग. लेखांची भाषा लॅटिन आणि स्थानिक गॉलिश यांची सरमिसळ आहे. कुंभारांची काही नावं अस्सल गॉलिश, तर काही फेलिक्ससारखी रोमन. पुष्कळ याद्यांमधल्या नगांची बेरीज एका आव्याला पंचवीस-तीस हजारांवर जाते.

या थाळ्यांमुळे एक मोठा गैरसमज दूर होतो. एवढं उत्पादन म्हणजे एखादा धनाढ्य मालक आणि त्याचा अवाढव्य कारखाना, असं सहज वाटतं. याद्यांमध्ये मात्र दिसतात ते आपापल्या चाकावर काम करणारे, आवा आणि जळण वाटून घेणारे, नगाला नग मोजून हिशेब चुकता करणारे कुंभार. त्यांच्यात लहानमोठे होतेच आणि काहींच्या पदरी गुलामही होते. एका खापरावर अतेलिया नावाच्या मालकिणीच्या गुलामांची सुमारे महिनाभराची कामं लिहिलेली आहेत. त्यात लाकडाचं काम आहे आणि बाजाराला जाणंही आहे. त्या गुलामांचे कष्ट कसे होते, हे सांगणारा दुसरा पुरावा क्वचितच सापडेल.

माल तयार झाला तरी गिऱ्हाईक दूर होतं. मियोपासून समुद्र शंभरेक किलोमीटरवर आणि मध्ये लार्झाकचं रखरखीत पठार. ते ओलांडून पेट्या नार्बोन बंदराकडे जात. नीरोच्या राजवटीच्या पहिल्या वर्षांतला, न वापरलेल्या भांड्यांचा एक मोठा साठा तिथल्या बंदराच्या पाण्यात मिळाला आहे. पुढचा प्रवास कसा होई, ते १९८०च्या दशकात उत्खनन झालेल्या एका बुडालेल्या गलबतावरून कळतं. स्पेनच्या ईशान्य टोकाला कुलिप नावाच्या खाडीत इ. स. ७०-८०च्या दरम्यान ते बुडालं. लांबीला जेमतेम दहा मीटर. त्यात दक्षिण स्पेनच्या ऑलिव्ह तेलाचे मोठे रांजण होते, तिथल्याच पातळ पेल्यांचे ढीग होते, रोमचे दिवे होते आणि ला ग्रोफसांकची अडीच हजारांहून अधिक भांडी होती. ठिकठिकाणचा माल मोठ्या बंदरात एकत्र करून लहान गावांना पोचवणारं ते गलबत असावं. मातीची भांडी नफ्यासाठी एकट्याने क्वचितच निघत. तेल, वारुणी, धान्य यांच्यासाठी जहाज निघे आणि उरलेल्या जागेत थाळ्यांच्या चळती बसत. ऱ्हाइन काठच्या आणि ब्रिटनमधल्या छावण्यांना रसद जायचीच होती, तिच्यासोबत ताटवाट्याही गेल्या.

ब्रिटनमधल्या कोलचेस्टरला इ. स. ६०-६१ मध्ये बूडिका राणीच्या बंडात आग लागली. तिथे भांड्यांची दुकानं जळाली, ती उत्खननात जशीच्या तशी मिळाली. विक्रीसाठी रचलेल्या गॉलच्या थाळ्या आगीत काळ्या पडल्या होत्या आणि काचेचा माल वितळून गेला होता.

ही भांडी रोजच्या वापरातली असली तरी मातीमोल नव्हती. आजच्या ऑस्ट्रियातल्या सोल्व्हा या रोमन नगरात एका वाडग्यावर मजकूर खरवडलेला आहे: वाडगा व्हेरेकुंडाचा, किंमत वीस अस. दुसऱ्या शतकात रोमन पायदळ सैनिकाला वर्षाला ३०० दिनार मिळत. १६ असांचा एक दिनार धरला तर दिवसाला सुमारे तेरा अस पडतात. म्हणजे एका नक्षीच्या वाडग्याला दीड दिवसाची कमाई. म्हणूनच फुटलेल्या वाडग्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून शिशाच्या पट्टीने शिवलेलं अनेक ठिकाणी दिसतं. तळाशी मालकाचं नाव खरवडलेलं असतं, कारण छावणीत सगळ्यांची भांडी सारखीच आणि हरवायची भीती मोठी.

इ. स. १२०च्या सुमारास ला ग्रोफसांकचा जोर ओसरला. फौजेचं मोठं गिऱ्हाईक उत्तरेला होतं आणि ते आणखी उत्तरेकडे सरकत होतं. मध्य गॉलमधलं लेझू आणि पुढे ऱ्हाइन काठचं ऱ्हाइनत्साबर्न त्या बाजारपेठांना जवळ पडलं. भूमध्य समुद्राच्या काठावर आजच्या ट्युनिशियातली लाल भांडी आली आणि सातव्या शतकापर्यंत टिकली.

कुंभारांनी भांड्यांच्या तळाशी ठसवलेली आपली नावं आता अभ्यासकांना काळ सांगतात. सिजिलाटाच्या पाच हजारांहून अधिक कुंभारांची नावं गोळा करून नऊ खंडांचा कोशच तयार झाला आहे. एखादा कुंभार कोणत्या वर्षांत काम करत होता हे ठरलं की त्याचं खापर जिथे निघेल त्या थराचा काळही ठरतो.

हीच युक्ती भारतातही वापरली गेली. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला उत्खनन केलं, तेव्हा इटलीतल्या जुन्या लाल भांड्यांचे, शिक्का असलेले तुकडे त्यांना मिळाले. त्यांच्या आधारे त्यांनी शेजारच्या थरांतल्या देशी भांड्यांचा काळ बसवला. त्यात आतल्या बाजूला बारीक खाचांच्या वर्तुळांची नक्षी असलेल्या राखाडी-काळ्या थाळ्या होत्या. पुढच्या अभ्यासाने या थाळ्या रोमन व्यापाराच्याही आधीच्या ठरल्या. शिवाय त्या बंगालपासून थेट बालीच्या किनाऱ्यापर्यंत गेल्याचं दिसून आलं. भारतीय बनावटीची साधी स्वयंपाकाची भांडीही लाल समुद्राकाठी इजिप्तच्या बेरेनिके बंदरात निघाली आहेत. यांच्यावर मात्र ला ग्रोफसांकसारखी कुंभारांची नावं नाहीत. त्यामुळे आता त्या मातीतल्या मूलद्रव्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून त्यांचं गाव शोधण्याचं काम चालू आहे आणि खाचांच्या थाळ्यांच्या बाबतीत काही संशोधकांची बोटं गंगेच्या खालच्या खोऱ्याकडे वळली आहेत.